बारा सुया

शिंपीकाका पहिल्यांदा माझ्या लक्षात आले ते सुईशी भांडताना. मी कोटाची बटणं लावून घ्यायला गेलो होतो. दुकानाच्या दारात उजेडाकडे तोंड करून ते दोरा ओवत होते, पण दोरा काही नेढ्यात शिरत नव्हता.

आतून काकू म्हणाल्या, "आणा इकडे, मी देते ओवून."

"एवढ्याशा सुईपुढे मी शरणागती पत्करू?"

"मग लावा दुकानाला कुलूप! सकाळपासून दोन गिऱ्हाइकं कंटाळून गेली."

काकांचा चेहरा उतरला. मी पडलो जुना मास्तर, मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, शरण या संस्कृत शब्दाचा अर्थ आसरा, घरसुद्धा. शरणागती म्हणजे आसऱ्याला येणं. हार मानणं त्याला मागाहून चिकटलं."

काका म्हणाले, "म्हणजे घरीच यायचं की!"

"चाळीस वर्षांनी उजेड पडला म्हणायचा," काकू म्हणाल्या.

काका खो खो हसले आणि त्यांनी सुई काकूंच्या हातात दिली.

आता रोज सकाळी काकू बारा सुया ओवून उशीत खोचून ठेवतात, आणि काका संध्याकाळपर्यंत शिवत बसतात.