दत्ताचा पुसला गेलेला निरोप

मी रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेली बाई. भास, आत्मे असलं काही कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जायचे. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय… तरी लिहिते.

दुष्काळाची वर्षं होती. बीड बायपासला आमचा नवा फ्लॅट, पाणी टँकरचं. मी आणि माझा नवरा दत्ता विद्यापीठात एकाच लॅबमध्ये होतो. सोन्याचे अतिसूक्ष्म कण – नॅनोपार्टिकल्स – आम्ही पातळ फिल्ममध्ये मिसळायचो. फिल्म लाल दिसते. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवला की तेवढ्या जागचे कण आपोआप एकमेकांना बिलगतात, तिथं जांभळी रेघ उमटते. साध्या उजेडात ते पुन्हा सुटे होतात, रेघ पुसली जाते.

दत्ता पाचोड गावचा, बोलणंही तिकडचंच. नळाला पाणी असेतोवर डिस्टिल्ड वॉटर काढायचं म्हणून माझ्याआधी लॅबला यायचा आणि फिल्मवर टॉर्चनं निरोप लिहून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा. "टँकर आला नाय. बादली जपून."

"अरे, मोबाईल आहे की!" मी म्हणायचे.

"मोबाईलवरचं तू जपून ठेवती अन् भांडणात काढती. हे कसं, दुपारपर्यंत साफ!"

त्याच उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. अकरा दिवसांत दत्ता गेला.

चार महिन्यांनी मी पुन्हा कामाला लागले. एक नवी फिल्म केली, ड्रॉवरला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला उघडलं… फिल्मवर ताजी जांभळी अक्षरं.

"उशीर व्हईल. तू जेवून घे."

अक्षर त्याचंच. तोच तिरका 'ज'.

टॉर्च हाताशी होता. अक्षरांवरून फिरवला असता तर ती अजून राहिली असती. पण मग ते माझं अक्षर झालं असतं… फोटो काढायचंही सुचलं नाही. स्टुलावर बसून बघत राहिले. तासाभरात फिल्म पुन्हा लाल.

आमच्या लॅबच्या प्रमुख सरांना सांगितलं. "अगं, फटीतून ऊन शिरलं असेल, त्यातही अल्ट्राव्हायोलेट असतंच."

"सर, उन्हाला पाचोडची भाषा येते?"



त्या दुपारी कितीतरी दिवसांनी मी पूर्ण डबा खाल्ला. नंतर कित्येक फिल्म्स तशाच कुलपात ठेवून पाहिल्या, सगळ्या कोऱ्या. उलगडा आजही झालेला नाही. उशीर म्हणजे किती, तेवढं मात्र त्यानं लिहिलं नव्हतं.