किल्ली माझ्या खिशात होती

लॉकडाऊनची गोष्ट निघाली की आमच्या भजनी मंडळातला प्रत्येक जण आपण तेव्हा कुठे होतो ते सांगतो. कुणी अकोल्याला लेकीकडे अडकला होता, कुणी झेंडूची फुलं तोडून बांधावर फेकत होता. माझी पाळी आली की मी म्हणायचो, देवळात होतो, वाटसरूंची सेवा करत होतो. ते अगदीच खोटं नव्हतं. त्याच सेवेबद्दल गावाने मला शाल आणि नारळ दिला. मी नको म्हणणार होतो, पण टाळ्या सुरू झाल्या आणि माझे हात आपोआप पुढे झाले. ती सेवा सुरू झाली त्या दिवशी आधी काय घडलं, ते मी आजवर मंडळात सांगितलेलं नाही.

आमचं गाव अमरावतीहून नागपूरला जाणाऱ्या रस्त्यावर, तिवस्याच्या अलीकडे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. रस्त्याला लागून मारुतीचं देऊळ, समोर टिनाचा मोठा मंडप, मंडपातच नळ. किल्ली माझ्याकडे असते. देवळं बंद ठेवायचा हुकूम आला तेव्हा मी मंडपाच्या जाळीलाही कुलूप घातलं. सकाळी एकटा जाऊन पूजा करायचो आणि परत यायचो. बाहेरून माणसं चालत जात असायची, डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं. मला साखरेचा आजार आहे. टीव्हीवर जे दाखवत होते ते पाहून मी आतून पार घाबरलो होतो. देवासमोर बसलो तरी लक्ष मात्र जाळीकडे असायचं, कोणी जवळ तर येत नाही ना म्हणून.

मे महिन्यातला शनिवार होता. पूजा आटोपून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि वळलो, तर पायरीजवळ चौघं उभी. नवरा-बायको, सहा-सात वर्षांची मुलगी आणि म्हातारी आई. नाशिककडून निघाली होती, बालाघाटला जायचं होतं. म्हातारीचे पाय सुजून टम्म झाले होते, त्यांना लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. तो माणूस लांबूनच हात जोडून म्हणाला की ऊन उतरेपर्यंत आईला मंडपात टेकू द्या, आम्ही बाहेर बसतो.

मी सांगितलं, किल्ली अध्यक्षांकडे आहे आणि ते अमरावतीला गेलेत.

सरकारी हुकूम सांगितला असता तरी निदान खोटं झालं नसतं. त्याने पाण्याचं विचारलं. पुढे हातपंप आहे म्हणालो. होता, पण दीड किलोमीटरवर. तोवर पायरीवर बसलेली म्हातारी हात टेकून उठली. जाण्याआधी तिने जाळीतूनच मारुतीला हात जोडले. ती जोडत होती तेवढा वेळ मी खिशातली किल्ली मुठीत घट्ट धरून होतो, वाजू नये म्हणून.

घर देवळामागेच. आल्यावर बायकोने विचारलं, कोणाशी बोलत होते. मी म्हणालो, कोणी नाही. साखरेची शेवटची गोळी सकाळीच घेतली होती आणि शनिवारचा उपास होता. ती म्हणाली, "उपाशीपोटी गोळी घेतली अन् आता उन्हात चालले. दोन घास खाऊन तं जा." मी ऐकलं नाही. औषधाचं दुकान लवकर बंद व्हायचं. स्कूटी काढली आणि तिवस्याला निघालो. वाटेत हातपंपाजवळ ती चौघं दिसली. मी नाकावरचा रुमाल वर ओढला आणि समोर बघत निघून गेलो.

परत येताना अंगाला दरदरून घाम सुटला. हात कापायला लागले, रस्ता दोन दोन दिसू लागला. गाडी कडेला घेतो म्हणता म्हणता गाडीसकट मातीत पडलो. शुद्ध होती, पण जीभ उचलत नव्हती. एक मोटरसायकल थांबली. मागे बसलेला म्हणाला, "हात नोको लावू, कोरोना असन त्याले." ते गेले. त्यांचा मला राग नाही. मीही गेलोच असतो.

मग कोणीतरी मानेखाली हात घातला. मला उचलून लिंबाच्या सावलीत नेलं. डोळे उघडले तर माझं डोकं त्या म्हातारीच्या मांडीवर होतं आणि ती पदराने वारा घालत होती. मी कसंबसं "शक्कर" एवढंच म्हणालो. सुनेने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला. त्यात तीन उरली होती. ती पाण्यात कालवून तिने मला बोटांनी चारली. मुलगी शेजारी उकिडवी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. ती रडली नाही, तिने मागितलंही नाही.

पडताना माझ्या खिशातल्या वस्तू मातीत सांडल्या होत्या. सून त्या गोळा करत होती. औषधाची पिशवी, चष्मा, आणि मग किल्ली. तिच्या कडीला मारुतीचा पितळी छाप आहे, लपण्यासारखं काही नव्हतं. तिने किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. नवऱ्यानेही पाहिलं. तिने ती पदराला पुसली, माझ्या हातात ठेवली आणि माझी बोटं मिटवली.

"सँभालकर रखिए, बाबूजी. मंदिर की है न?"

एवढंच. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

उठून बसता आलं तेव्हा मी हात जोडले. म्हणालो, परत चला, मंडप उघडतो, जेवण देतो. म्हातारी हसली, म्हणाली, "अब पीछे नहीं जाएँगे, बेटा. जितना चल लिए, उतना चल लिए." तिवस्यावरून ट्रक मिळेल असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. आईला गाडीवर सोडतो म्हणालो, तर त्या माणसाने नको म्हटलं, तुम्ही पुन्हा पडाल. मी नीट उभा राहीपर्यंत ती चौघं थांबली आणि मग उन्हात चालू लागली.

त्या संध्याकाळी मंडपाचं कुलूप काढलं, ते रस्ता रिकामा होईपर्यंत लावलं नाही. पाणी, पोळ्या, झुणका, जे जमलं ते दिलं. लोकांनी त्यालाच माझी सेवा म्हटलं.

माझ्यावर कृपा झाली यात मला शंका नाही. ती कशी झाली, कोणी केली, यावर मी वाद घालत नाही. चाळीस वर्षं मी देवापुढे 'तुझ्या स्वाधीन आहे' असं म्हणत आलो, आणि तेव्हाही किल्ली माझ्याच खिशात असायची. खरा स्वाधीन झालो तो एकदाच, जीभ उचलत नसताना, ज्यांना घालवून दिलं होतं त्यांच्या मांडीवर. तिथे मी काही अर्पण केलं नव्हतं. मला नुसतं उचललं गेलं होतं.

गेल्या महिन्यात हे सगळं बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. मग म्हणाली, "त्या मायचं नाव तरी विचारलं होतं काय?"

नव्हतं विचारलं.

आता पूजेला बसलो की आधी तिच्यासाठी हात जोडतो. ती घरी पोचली असावी, पायांची सूज उतरली असावी, एवढंच मागतो. नाव माहीत नसल्यामुळे 'आई' म्हणतो. तसं म्हणण्याचा मला हक्क नाही, पण दुसरा शब्द माझ्याजवळ नाही.