नोंदणीची खोली रिकामी केली तो दिवस

सोलापुरातल्या एका जुन्या प्रशासकीय इमारतीचं नूतनीकरण माझ्याकडे आलं, तेव्हा वरिष्ठांनी एकच अट घातली. कार्यालय एक दिवसही बंद राहता कामा नये. मी बांधकाम खात्यात शाखा अभियंता. मोकळ्या जागेवर नवी इमारत उभी करणं मला जमत होतं. पण खाली माणसं रांगेत उभी आहेत आणि वर आपण फरशा उखडतोय, असलं काम मी आधी कधी केलं नव्हतं.

सुरुवातीचा माझा बराचसा वेळ लोकांची समजूत घालण्यातच गेला. वरचा मजला आम्ही दोन भागांत विभागला होता. आधी पूर्वेकडचा भाग करायचा, मग पश्चिमेकडचा. मोठ्या आवाजाची फोडाफोडी सकाळी कार्यालय उघडायच्या आत उरकायची, बाकीचं हलकं काम दिवसभर. मधे हिरवी जाळी बांधली, तिच्यावर ओली गोणपाटं टाकली, तरी धूळ यायचीच. उन्हाळ्याचे दिवस. पंखा लावला की धूळ उडायची आणि बंद केला की सगळे माझ्या नावानं ओरडायचे. एका कारकून बाईंनी तर खिडकीजवळचं टेबल सोडायला साफ नकार दिला. खिडकीपासून लांब बसलं की त्यांचं डोकं दुखायचं. शेवटी त्यांना तिथंच ठेवून आम्ही त्यांच्या भोवतीनं भिंती रंगवल्या. डोक्यावर पदर घेऊन त्या शांतपणे काम करत राहिल्या.

पूर्वेकडचा भाग पूर्ण झाला. नवी फरशी, नवे दिवे, नुसतं उद्‌घाटन राहिलं होतं, म्हणून कुलूप लावून ठेवलं होतं. मग आम्ही पश्चिमेकडे वळलो. त्या कोपऱ्यात जुनी स्वच्छतागृहं होती आणि त्यांच्या बरोबर खाली तळमजल्यावर दस्तनोंदणीची खोली. जमिनीचे, घरांचे व्यवहार तिथं नोंदवले जातात. त्या खोलीला पूर्वी कुणीतरी खालून पांढऱ्या शीटचं सीलिंग करून घेतलं होतं. त्यामुळे स्लॅबची खरी अवस्था खालून कुणालाच दिसत नव्हती.

त्या दिवशी मी वरच उभी होते. मुकादमानं एक फरशी उचलली आणि हाक मारली, "मॅडम, जरा हितं बघा की."

मी वाकून बघितलं. फरशीखालचा थर चिंब ओला होता. मी बोटानं दाबला तर काँक्रीट ओल्या बेसनासारखं निघून आलं. कितीतरी वर्षं तिथं पाणी मुरत असणार. आत सळई दिसली, गंजून फुगलेली.

"सगळ्यांना थांबवा," मी म्हटलं. "घण, ब्रेकर, सगळं बंद. आणि या भागावर कुणी उभं राहू नका."

"थांबवतो की. पन खाली माणसं हायत, मॅडम," मुकादम म्हणाला.

माझ्याही मनात तेच आलं होतं. मी धावतच खाली गेले.

मुहूर्त चांगला असावा, खोली भरली होती. बाकांवर म्हातारी माणसं, वकिलांचे कारकून, पोराला कडेवर घेतलेली एक बाई. मी एका कोपऱ्यात स्टूल घेतलं, वर चढले आणि सीलिंगची एक शीट हातानं थोडी वर सरकवली. मोबाइलचा उजेड आत टाकला. स्लॅबचं खालचं काँक्रीट सुटलं होतं. त्याचे मोठाले तुकडे त्या पातळ शीटवर पडून होते, नुसते टेकलेले. त्यांच्या खाली बाक होता आणि बाकावर माणसं बसून टोकन नंबरची वाट बघत होती.

ओरडावंसं वाटलं, पण ओरडले असते तर सगळे एकाच दारातून पळाले असते. मी खाली उतरले आणि निबंधक साहेबांच्या टेबलाशी गेले.

"साहेब, खोली रिकामी करावी लागेल. आत्ता."

त्यांनी मान वर केली नाही. "मॅडम, सकाळपासून सर्व्हर बंद होता, आत्ता कुठं सुरू झालाय. तुमचं जे काही असेल ते संध्याकाळी बघू."

"संध्याकाळपर्यंत थांबता येणार नाही. तुम्ही फक्त एकदा त्या स्टुलावर चढा."

कपाळाला आठ्या घालून ते उठले. चढले आणि शीटच्या फटीतून बघितलं. खाली उतरल्यावर त्यांनी रुमालानं चेहरा पुसला. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "मंडळी, मशीनला जरा वेळ लागतोय. सगळ्यांनी बाहेर पोर्चमध्ये चला, चहा सांगतो. टोकन तेच राहतील."

त्या क्षणी मला या माणसाबद्दल फार आदर वाटला. लोक कुरकुरत उठले, बाहेर पडले. बाकाखालच्या पिशव्यासुद्धा घेऊन गेले.

एक म्हातारी मात्र उठेना. ती मशीनसमोरच्या खुर्चीत बसली होती. तिचाच नंबर चालू होता आणि अंगठा द्यायचा तेवढा राहिला होता.

"मावशी, उठा. बाहेर बसू या," मी म्हटलं.

"मी न्हाय उठत. करकंबवरनं आलोय आमी. आज उठले तर परत न्हाय व्हायचं हे."

"काय आहे दस्त?"

"माझा भाऊ जमिनीचा तुकडा देतोय मला. म्हायेरचा." ती आवाज खाली आणून म्हणाली, "लई वर्सांनी तयार झालाय गं. घरी गेला की बायको-पोरं काय म्हनतील, काय भरवसा?"

तिचा भाऊ मागंच उभा होता. साठीचा, पांढरी टोपी घातलेला. त्यानं सगळं ऐकलं होतं, पण चेहऱ्यावर राग नव्हता.

मी तिच्याजवळ वाकून हळूच खरं ते सांगितलं. "मावशी, तुमच्या डोक्यावरचं छत पडायला आलंय. दस्त आजच होईल, मी शब्द देते. पण आधी उठा."

तिनं वर बघितलं, मग भावाकडे. भाऊ पुढं आला आणि तिच्या दंडाला धरून म्हणाला, "आक्का, ऊठ. मी कुटं पळून जातोय व्हय?"

ती उठली.

शब्द देऊन बसले, पण दस्त कुठं करायचा ते मला ठाऊक नव्हतं. मग पूर्वेकडचा कुलूप लावलेला भाग आठवला. तिथलं काम मी स्वतः तपासलेलं होतं आणि जिनाही वेगळा होता. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "नेटवर्कची वायर पोचली तर माझी ना नाही." मुख्य जोडणी सुदैवानं बाहेरच्या पॅसेजमध्ये होती. आता फक्त यंत्रं आणायची होती; ती दाराजवळ होती, सुटलेला भाग आतल्या बाकांवर. मी कुणाला काही सांगायच्या आत तो टोपीवाला भाऊ साहेबांच्या मागोमाग दारातून आत गेला, संगणकाचा डबा उचलून छातीशी धरला आणि जिना चढायला लागला.

उद्‌घाटनाची वाट न बघता त्या हॉलमध्ये पहिला दस्त त्या दोघांचा झाला. अंगठा दिल्यावर म्हातारी बराच वेळ बोट पदराला पुसत राहिली. भावानं सही केली आणि म्हणाला, "झालं का आता समाधान?" ती नुसती त्याच्या खांद्यावरची धूळ झटकत राहिली.

तेवढ्यात कार्यकारी अभियंत्यांचा फोन आला. "कुणाला विचारून खोली रिकामी केलीत?" मी म्हटलं, "सर, तुम्ही या आणि बघा." ते यायच्या आत मी निबंधक साहेबांना घेऊन खाली आले. मुकादमानं माणसं लावून दारापासून आत लोखंडी टेकू उभे करायला सुरुवात केली होती. टेकू बाकापर्यंत पोचायचे होते, तेवढ्यात वरून कडकड आवाज आला. माणसं मागं सरली. शीट फाटली आणि काँक्रीटचा जात्याएवढा तुकडा रिकाम्या बाकावर आदळला. बाक मधोमध मोडला.

आतून पांढरी धूळ आली आणि पोर्चमधले सगळे दाराकडे वळून बघायला लागले. साहेब माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

पुढं तज्ज्ञ येऊन स्लॅब ठोकून बघून गेले. बाकीची इमारत मजबूत होती, तो एक कोपराच काढून नव्यानं ओतावा लागला. कार्यकारी अभियंत्यांनी मोडका बाक बघितल्यावर पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. नोंदणी काही आठवडे वरच चालली.

त्या दिवशी अंधार पडायच्या सुमारास मी घरी पोचले. केसांत सिमेंट, घसा कोरडा. नवऱ्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, "काय झालं गं?"

"काही झालं नाही," मी म्हटलं, आणि ते ऐकून मला स्वतःलाच रडू फुटलं. रडता रडता हसूही येत होतं. तो घाबरून शेजारी बसला. मग मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं.