पाच वाजेपर्यंत इंग्रजी

ऑफिसात फायली साचतात तसे किस्सेही साचतात. फरक एवढाच, की फायलींना वाळवी लागते आणि किश्श्यांना लागत नाही. उलट दर वर्षी ते थोडे जाडच होतात! चार जुने लोक भेटले की कोणीतरी म्हणतंच, "भोयरबाबू, तो इंग्रजीचा सांगा ना!" आता कोणता सांगू? वर्ध्याच्या त्या ऑफिसात आम्ही कामापेक्षा इंग्रजीवरच जास्त भांडलो.

भांडणारे तिघं. एक बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क. नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि तोंडात सुपारी. दुसरा खोब्रागडे, नालवाडीहून सायकलनं येणारा तरतरीत पोरगा. आणि तिसरा मी. मॅट्रिकला इंग्रजीत शाळेतून पहिला आलो होतो. शाळेतून परीक्षेला किती बसले होते ते विचारू नका! त्या एका नंबरावर मी कित्येक वर्षं अकडून चाललो, आणि त्याच अकडीपायी माझं लग्न जमत नव्हतं. आई वैतागून म्हणायची, "काऊन रे, तुले बायको पाह्यजे का डिक्शनरी?"

*

हिंगणघाटचं एक स्थळ तर हातात आल्यासारखं होतं. मुलीचे वडील हेडमास्तर. पोहे झाले, चहा झाला, आई खुशीत होती. हेडमास्तर कौतुकानं म्हणाले, "शी इज एल्डर दॅन हर ब्रदर."

झालं! माझ्या जिभेला खाज सुटली. म्हटलं, "सर, माफ करा, पण एल्डरपुढे दॅन चालत नाही."

हेडमास्तरांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "आमच्या घरात दॅन चालते. तुम्ही नाही चालत!"

परतीच्या एसटीत आई माझ्या शेजारी बसलीच नाही.

*

बरं, मी दुसऱ्याच्या चुका काढणारा, तर माझे स्वतःचे कान कसे होते तेही ऐका. माझ्याकडे शाळांच्या ग्रँट-एडचं, म्हणजे सरकारी अनुदानाचं टेबल होतं. दिवसभर डोक्यात तेच, ग्रँट-एड, ग्रँट-एड. एकदा मी न विचारता शनिवारी लवकर गावाला निघून गेलो. सोमवारी साहेबांनी आत बोलावलं. चेहरा लालबुंद. टेबलावर हात आपटून म्हणाले, "भोयर! डोन्ट टेक मी फॉर ग्रँटेड!"

मला ऐकू आलं ग्रँट-एड. मी अदबीनं म्हणालो, "सर, ग्रँट-एड इज ओन्ली फॉर स्कूल्स."

साहेबांनी दाराकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "गो."

मी बाहेर येऊन ऐटीत सांगितलं, "साहेबाले आज नियम समजावून आलो!"

*

पुढे छप्पन्न साली राज्यं बदलली. आम्ही खुर्चीवरून न उठता मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. तिकडून नवे साहेब आले. त्यांनी पहिल्याच दिवशी बडे बाबूंचा मसुदा परत केला. "प्लीज डू द नीडफुल असं इंग्रजीत कोणी लिहीत नाही!"

बडे बाबू म्हणाले, "साहेब, नीडफुल गलत असतं त आजवर या जिल्ह्यात एकबी काम झालं नसतं."

साहेबांनी ऐकलं नाही. स्वतःच्या हातानं सुंदर इंग्रजी वाक्य घातलं आणि पत्र तहसिलीत गेलं. तिकडून उत्तर आलं, "पत्र मिळाले. नीडफुल करायचे की कसे, याचा खुलासा व्हावा."

त्या दिवशी बडे बाबूंनी सगळ्या ऑफिसला सुपारी वाटली.

*

भांडण मिटवायला ऑफिसात एक डिक्शनरी होती. पण तिची के, एल आणि एमची पानं वाळवीनं खाल्ली होती. त्या तीन अक्षरांपुरता बडे बाबूंचा शब्द म्हणजे कायदा. आणि हरणाऱ्याला शिक्षा हवी म्हणून मी, हो, मीच, एक नियम काढला. जो हरेल त्यानं त्या दिवशी पाच वाजेपर्यंत फक्त इंग्रजीत बोलायचं. कोणाशीही! मराठीचा एक शब्द निघाला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बडे बाबूंनी नियम ताबडतोब मंजूर केला. कारण हरलेल्याचं इंग्रजी दोन वाक्यांत संपायचं आणि मग तो निमूटपणे काम करायचा.

एकदा बडे बाबू स्वतःच हरले. दिवसभर चकार शब्द नाही. साहेबांनी त्यांची रजा अडवून ठेवली होती, साहेबांना वाटलं, बडे बाबू त्यावरून रुसले! दुपारनंतर साहेब स्वतः रजेवर सही करून कागद टेबलावर ठेवून गेले. पाचाचा ठोका पडला तसे बडे बाबू म्हणाले, "भोयर, उन्हाळ्यात मी परत हारनार हाये!"

*

खोब्रागडे हरला त्या दिवशी नेमकी त्याची माय आली. तो डबा विसरला होता, म्हणून बिचारी उन्हात भाकर आणि अंबाडीची भाजी घेऊन आली.

"बाबू, भूक लागली असंन ना रे?"

"येस, मदर. व्हेरी मच."

मायनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. खोब्रागडेनं माझ्याकडे गयावया करून बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. नियम म्हणजे नियम!

"पोरा, तुले झालं तरी काय?"

"नथिंग, मदर. यू गो. आय कम ईव्हनिंग."

एकदम मायचा चेहरा फुलला. "साहेबावानी बोलून राह्यला, बढती झाली वाट्टे माह्या पोराची!" कोणी काही म्हणायच्या आत ती गेली. घरी जाऊन तिनं बुद्धाच्या फोटोपुढे उदबत्ती लावली आणि सगळ्या मोहल्ल्यात साखर वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी नालवाडीची मंडळी हार घेऊन ऑफिसच्या फाटकात उभी!

हार गळ्यात घालून खोब्रागडे माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "भोयरबाबू, याद ठेवजो."

*

त्याला फार दिवस थांबावं लागलं नाही. एका निरोप समारंभात साहेब म्हणाले, "लास्ट बट नॉट द लीस्ट." मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात ठासून सांगितलं, की ते "लास्ट, बट नॉट इन द लिस्ट" असतं. म्हणजे ज्याचं नाव यादीत घालायचं राहून गेलं, त्याला शेवटी बोलावतात! क्लार्कला याहून पटण्यासारखं काय असणार? पण एल वाळवीच्या पोटात. बडे बाबूंनी निकाल दिला आणि मी हरलो.

तासाभरात दारात दोन पाहुणे उभे. नाचणगावचे पांडुरंगजी आणि त्यांचे साळे. पांडुरंगजींच्या मुलीचं स्थळ मला सांगून आलं होतं. मुलगा न सांगता, कामावर असताना बघावा, म्हणून ते आले होते. आईनं याच स्थळावर सगळी आशा ठेवली होती. आणि खरं सांगतो, मीही ठेवली होती.

"भोयरबाबू तुमीच का जी?"

मी बडे बाबूंकडे बघितलं. त्यांनी चष्म्यावरून घड्याळाकडे बघितलं. मी घाम पुसला. "येस. प्लीज कम."

खोब्रागडेनं खुर्ची ओढलीच. "बोला काकाजी, मी समजावून सांगतो."

"घरी कोन कोन असते?"

"ओन्ली मदर."

"मायचा एकुलता हाये म्हनते."

"वावर किती?"

"नो लँड."

"वावराची कटकट नाई म्हनते."

पांडुरंगजींच्या साळ्यांनी हळूच विचारलं, "यायले मराठी येत नाई का?"

बडे बाबू सुपारी कातरत म्हणाले, "येते ना. पन ड्युटीवर बोलत नाई."

पांडुरंगजी उठले. टोपी नीट केली, रामराम केला आणि चहा न घेताच गेले. मी पाच वाजेपर्यंत डोकं धरून बसलो. पाच वाजल्यावर तोंडातून मराठीही फुटेना.

पण आठ दिवसांनी निरोप आला, मुलगी बघायला या! आई हरखली. निघताना तिनं मला दम भरला, "तिथं कोनाचं इंग्रजी दुरुस्त करशील त पाय मोडीन."

बडे बाबू आणि खोब्रागडे सोबत होतेच. नाचणगावला पोचलो तेव्हा दिवस कलायला आला होता. बैठकीत सतरंजीवर बसलो. गप्पा सुरू झाल्या, पण माझ्याशी कोणी बोलेना. सगळे नुसते हसून मान हलवत. मग कळलं, पांडुरंगजींनी घरी सांगितलं होतं, "पोरगा गुनी हाये, पन इंग्रजीशिवाय बोलत नाई." आणि तेव्हापासून मुलगी रोज गावातल्या गुरुजींच्या घरी जाऊन एक वाक्य पाठ करत होती.

ती पोह्यांच्या बशांचं ताट घेऊन आली. ताट खाली ठेवलं, पदर सावरला, डोळे मिटले आणि एका दमात म्हणाली, "गुड मॉर्निंग. प्लीज सिट डाऊन."

बाहेर दिवेलागण झाली होती. मी तासभर तिथं बसलेलोच होतो.

बडे बाबूंनी तोंड उघडलं. खोब्रागडेनं त्यांचा गुडघा दाबला. आई माझ्याकडे बघत होती, मुलीचे वडील बघत होते, आणि ती डोळे मिटूनच उभी होती.

मी उठून उभा राहिलो. "गुड मॉर्निंग," म्हणालो, आणि खाली बसलो.