मिलिंद फाटकावर हरला नव्हता

मिलिंद गेल्याचा फोन हरेशनं केला. सकाळचा चहा व्हायचा होता. त्यानं आधी एवढंच विचारलं, "सर, बैठे हो क्या?" मी म्हटलं, "या वयात मी बसलेलाच असतो, बोल." एरवी माझ्या असल्या उत्तरावर तो हसतो. त्या दिवशी हसला नाही. "अपना मिलिंद गेला, सर. झोपेतच. वहिनी उठवायला गेली तर..." पुढचं त्याला बोलवेना आणि मीही बोलायला लावलं नाही. मग तोच म्हणाला, "मैं गाडी घेऊन येतो, तुम्ही खाली उतरू नका, मी वर येतो."

मिलिंद मोरिवलीचा. शाळेत माझा विद्यार्थी, पुढे अंबरनाथच्या एका कंपनीच्या पगारावर सायकलच्या शर्यतीत उतरणारा, आणि त्यानंतरची सगळी वर्षं बदलापूरच्या शिरगावात सायकलचं दुकान चालवणारा. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. त्याला जाऊन आता दीड महिना होईल. बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तेव्हा हॉल भरला होता. दुकानात येऊन मोठी झालेली मुलं बोलली. एकजण म्हणाला, "दादा फाटकावर शर्यत हरले, पण त्यावरून कधी तोंड वाकडं केलं नाही." लोक मायेनं हसले. त्याची बायको सुजाताही हसली. मी पहिल्या रांगेत होतो. उठून चार वाक्यं बोलायला मला काही अडचण नव्हती, माईक समोरच होता... मी उठलो नाही. ती चार वाक्यं इथे लिहितो आहे. मिलिंद फाटकावर हरला नव्हता. ती शर्यत त्याच्या हातून माझ्यामुळे गेली, आणि हे त्याला पहिल्या क्षणापासून माहीत होतं.

दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत आमच्या भागात तीन दिवसांची एक शर्यत व्हायची. रोज एक टप्पा, आणि तिन्ही दिवसांची वेळ मिळवून ज्याची सगळ्यांत कमी, तो विजेता. बाहेरचे संघ यायचे, पण खरी झुंज आमच्याकडच्या दोघांतच लागायची. एक मिलिंद, अंगानं काटकुळा, चढावर सायकल उचलून पळवल्यासारखा जाणारा. दुसरा उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातला हरेश, कापडवाल्याचा मुलगा, जाड मांड्यांचा, सपाट रस्त्यावर त्याला धरणं कुणाला जमायचं नाही. त्याला एका सायकल विक्रेत्यानं आपल्या संघात पगारावर ठेवलं होतं. तिसऱ्या दिवसअखेर पहिला कोण, यावर अंबरनाथ आणि उल्हासनगरमध्ये दोन तट पडायचे. हे दोघे मात्र रविवारी हरेशच्या घरी एका ताटात दाल-पकवान खायचे. रस्त्यावर उतरले की सुरू. मिलिंद ओरडायचा, "काय शेठ, दुकान बंद करून आलास की गिऱ्हाईक वाट बघतंय?" हरेश मागून म्हणायचा, "तू पुढे हो, हवा खा. उतारावर येतोच बिल घेऊन." मी त्या शर्यतीत पंच होतो. शाळेत पीटी शिकवून गळ्यात शिट्टी अडकवायची सवय झालेली, त्यामुळे पंचाचं काम मला अंगच्या कपड्यासारखं वाटायचं. निवृत्ती जवळ आली होती. शाळेनंतर लोक आपल्याला कशासाठी ओळखतील, याचं माझ्यापाशी तेवढं एकच उत्तर होतं.

त्या वर्षी पहिल्या दिवशी हरेशनं वीस सेकंदांची आघाडी घेतली. दुसऱ्या दिवशी कर्जतच्या बाजूनं परत येऊन शिरगावात टप्पा संपायचा. वाटेत वांगणी आणि बदलापूरच्या मधे रेल्वेचं फाटक. शर्यतीसाठी गाड्या थांबत नाहीत, म्हणून आमचा नियम साधा होता. पुढचा स्वार बंद फाटकाशी पोचला की तिथल्या पंचानं घड्याळ दाबायचं, मागचा आला की थांबवायचं. फाटक उघडलं की पुढच्याला आधी सोडायचं आणि मधे जेवढं अंतर होतं तेवढं मोजून मगच मागच्याला. म्हणजे ज्याने जे कमावलं ते त्याचं राहतं. फाटकाखालून वाकून गेलेला मात्र बाद. हे मुद्दाम सांगावं लागायचं, कारण आमच्याकडे फाटक पडलं की सायकल आडवी करून खालून जाणं हे शिंकण्याइतकं साहजिक आहे. त्या फाटकावर मीच होतो.

मिलिंद एकटा आला. शेवटच्या चढावर त्यानं हरेशला मागे टाकलं होतं. तो पोचला आणि त्याच्या पुढच्या चाकासमोर फाटक खाली आलं. तो थांबला, पाय टेकला, मान खाली घालून दम खात राहिला. घड्याळाच्या बटणावर माझा अंगठा होता. तेवढ्यात दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला खालून घुसायला लागला. स्वारांसमोर हे चालू दिलं तर तेही जातील असं वाटून मी शिट्टी फुंकली, धावलो, त्याचं हँडल धरलं. तो वर बघून म्हणाला, "नमस्कार सर. ओळखलंत का? दहावी क." मी त्याला ओळखलं आणि वर झापलंही. गणवेश नाही, शिस्त नाही, तेव्हाही असाच होतास, वगैरे. तो बिचारा "हो सर, हो सर" करत कॅनसकट मागे सरला. मला बरं वाटलं. मग मालगाडीचं इंजिन गेलं, डबे सुरू झाले, आणि हरेश येऊन उभा राहिला. मी हातातलं घड्याळ पाहिलं. ते सुरूच केलेलं नव्हतं.

मालगाडी लांब होती. मला खरं बोलायला पुष्कळ वेळ होता. शर्यतीचे मुख्य पंच मोटारीतून मागे येत होते, त्यांना सांगता आलं असतं, स्वारांना विचारता आलं असतं. पण भोवती माणसं जमली होती, त्यांतली निम्मी माझ्या हाताखालून शिकलेली, आणि नुकताच मी एकाला शिस्तीवरून बोललो होतो. मिलिंदनं मान वर करून विचारलं, "सर, किती?" मी म्हणालो, "दहा." तो माझ्याकडे बघत राहिला. नंतर त्याची नजर माझ्या घड्याळावर गेली, आणि मी मूठ मिटली. "बरं सर," एवढंच म्हणून तो पॅडलवर पाय ठेवून तयार झाला. फाटक उघडलं. मी त्याला सोडलं, दहा आकडे मोजले आणि हरेशला सोडलं. सपाट रस्त्यावर दहा सेकंद म्हणजे हरेशला दोन घास. शिरगावात दोघे बरोबरच पोचले. तिसरा दिवस उल्हासनगरच्या गल्ल्यांतला, तिथे कुणाला कुणापासून सुटायला जागाच नव्हती. हरेश त्या वीस सेकंदांनी जिंकला.

दुसऱ्या टप्प्याच्याच संध्याकाळी मिलिंदच्या कंपनीचा व्यवस्थापक तक्रार घेऊन आला होता. फाटकावरचं अंतर चुकलंय, असं त्याचं म्हणणं. समितीनं मिलिंदला बोलावलं. मी खुर्चीत बसलो होतो, तो दारात उभा. त्याला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? तो म्हणाला, "सरांनी धरलेली वेळ बरोबर आहे. मी चढावर जास्त जोर लावला, नंतर पाय चालले नाहीत." तक्रार मिटली. आणि फाटकापर्यंत पुढे होता, तिथून ढिला पडला, हे त्याच्या नावाला कायमचं चिकटलं. पुढच्या वर्षी कंपनीनं संघ बंद केला आणि त्यानं दुकान टाकलं.

त्या दुकानात मी किती वेळा गेलो असेन. मांजर्लीत माझ्या घरात पाणी शिरलं त्या पावसाळ्यात चार दिवस त्याच्याच घरी होतो. तो सुखी होता, हे मी स्वतःची समजूत काढायला म्हणत नाही. त्याला दुकान आवडायचं, सुजाता आवडायची, मुलांची गर्दी आवडायची. कुणी चिडवलं की म्हणायचा, "फाटकापर्यंत शर्यत माझीच होती रे, पुढचं रेल्वेला विचारा." माझ्यासमोर कुणी फाटकाचा विषय काढला की मात्र तो पंप, ट्यूब, काहीतरी मागायचा आणि बोलणं तिसरीकडे न्यायचा. मी दोनदा सुरुवात केली होती. "मिलिंद, त्या दिवशी फाटकावर..." एकदा तो म्हणाला, "सर, चहा गार होतोय." दुसऱ्यांदा नुसता हसला. मी त्या हसण्याचा आधार घेऊन गप्प राहिलो. आधार सोयीचा होता.

लिहायचं ठरल्यावर आधी हरेशकडे जाणं भाग होतं. विजेता म्हणून त्याचं नाव लागलेलं आहे, ते मी त्याला न सांगता कसं खोडणार? तो आता वडिलांच्या गादीवर बसतो, पोट सुटलंय, मला बघून नोकराला उठवून खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं. त्यानं मधे एकदाही थांबवलं नाही. नंतर म्हणाला, "सर, दहा नव्हते. पन्नास होते."

मी विचारलं, "तुला कसं माहीत?"

"पुढचा माणूस दिसत असेल तर आपण मोजतोच ना. तो तबेल्याच्या वळणाला गेला, मी मोजायला लागलो. तबेल्याशी पोचलो तेव्हा पन्नास. तुम्ही दहा बोललात, मैं भी चूप बैठा. तुम्ही एकटे नाही, सर." त्यानं पंखा माझ्याकडे वळवला. "आठ दिवसांनी मीच त्याच्याकडे गेलो. बोललो, चल, परत पळू. फाटकापासून शिरगावपर्यंत, तू पन्नास पुढे. पहिल्या दिवसाचे माझे वीस होते ना, म्हणून मला वीसच्या आत यायचं होतं, नाही आलो तर शर्यत तुझी."

"मग?"

"नाही आलो. जीव काढला, सर, उलटी झाली मला. निम्मं अंतर कापलं, त्याच्यावर नाही, पंचवीस उरलेच. तो थांबून पाणी पीत होता. बोलतो काय, शेठ, बिल आणलं का?" हरेश हसला. "मी त्याला कप द्यायला गेलो. घेतला नाही. बोलला, कप माझ्या घरात दिसला तर सरांना कळेल की आपल्याला माहीत आहे. त्यांना शाळा सोडून जायचंय या वर्षी, ताठ जाऊ दे."

मला वाटत होतं मी त्याच्यापासून काहीतरी लपवतो आहे. इतकी वर्षं तोच, आपल्याला सगळं माहीत आहे हे माझ्यापासून लपवत होता, आणि त्यासाठी गावभर हरलेला म्हणून हिंडत होता... मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलंही. पण त्याच्या खाली दुसरंही काही होतं. तो जिंकला होता आणि त्याला ते माहीत होतं. सगळ्यांच्या चिडवण्यावर तो जे हसायचा, ते सोसणाऱ्याचं हसणं नव्हतं. हरेश म्हणाला, "लिहा सर. माझं नाव खोडा. फक्त एवढं लिहा, की परत पळायला मी बोलावलं होतं." ते लिहिलं आहे. त्या वर्षीची शर्यत मिलिंदनं जिंकली.

छापायच्या आधी सुजाताला सांगायला आम्ही दोघे शिरगावला गेलो. दुकान तिनं बंद केलेलं नाही, ती आधीपासून त्याच्याबरोबर काम करायचीच. कुणाच्या तरी सायकलचं मागचं चाक स्टँडवर लावून ती तारा आवळत होती. मी उभ्यानंच सांगितलं. तिचा हात थांबला.

"म्हणजे ते हरले नव्हते?"

"नाही."

"आणि मला पण नाही सांगितलं." मग म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी कधीतरी तुम्हाला बोलले असते, सर. भांडले असते." तिनं डोळे पुसले. मग तिला हसू आलं, कशाचं ते तिनं सांगितलं नाही. "बसा," म्हणाली, "उभे काय राहिलात."

मिलिंदच्या दुकानात एक पद्धत होती. तारा आवळून झाल्या की तो चाक जोरात फिरवायचा, आणि ते थांबेपर्यंत दुकानात कुणी बोलायचं नाही. चाक कुठे लंगडतंय का, ते त्याला ऐकायचं असायचं. मुलं शहाण्यासारखी गप्प बसायची, आलेलं गिऱ्हाईकही दारात थांबायचं. सुजातानं शेवटची तार आवळली आणि चाक फिरवलं. हरेश काहीतरी बोलायला निघाला होता, तो थांबला. मीही थांबलो. चाक सरळ फिरत होतं, कुठे घासत नव्हतं, आणि थांबायला बराच वेळ लागला.