तळहातावर उभा राहिलेला नारळ

तरुणपणी मी फार चौकस होते. दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवायची, दुकानातल्या लुगड्याचा काठ ओल्या रुमालानं घासायची. कोणाचं काही खरं मानेन तर शपथ! अशा शहाणीला गंडवलं ते तिच्याच हातानं.

आमची संत्र्याची बाग वाळत चालली होती. विहीर तळाला गेलेली, आदल्या उन्हाळ्यातला बोअर कोरडा निघालेला. आता आणखी एकच मारायची ऐपत होती. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, चांदूर रेल्वेकडचा, जमिनीखालचं पाणी दाखवणारा पाणाड्या आणला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो बागेत फिरला. धुऱ्याजवळ, म्हणजे शेताच्या बांधापाशी, नारळ उभा झाला; खाली पाणी असल्याची ती खूण.

"हातचलाखी हाये," मी म्हटलं.

"मंग तुमीच घ्या, बाई." त्यानं नारळ माझ्याच हातावर ठेवला.

धुऱ्याजवळ आले, आणि काय सांगू! नारळात जीव आल्यासारखा तो हलला, शेंडी वर करून उभा राहिला. अंगावर सरसरून काटा आला. मामाजींनी तिथल्या तिथं बोअरच्या गाडीला निरोप धाडला. मी मात्र मान ताठ करून घरभर मिरवत होते.

सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "दूध तपासतं, लुगडं तपासतं. मंग आपला हात काहून नाई तपासत वं?"

"माहा हात मले खोटं सांगंन का?"

"चाल, डोये बांध."

मामाजींच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं माझे डोळे बांधून सासूबाईंनी मला गरगर फिरवलं आणि हातावर नारळ देऊन बागेत सोडलं. मी चाचपडत निघाले. धुरा आलाच आता, असं वाटलं मात्र, नारळ उठला! तसाच, थरथरत.

"पाणी!" मी ओरडले. दुपट्टा सोडला, तर पायाखाली जुन्या कोरड्या बोअरवरची फरशी.

"माय वं! तुया नारयाले कोरडं पाणी लय आवडते!" सासूबाई हसून हसून खाली बसल्या.

मामाजी हसले नाहीत. त्यांनी गाडी नको म्हणून कळवलं. त्याच पैशात विहिरीचा गाळ काढला. विहिरीलगतची झाडं तगली, बाकीची चुलीत गेली. धुऱ्याजवळ पाणी होतं की नव्हतं, मला आजही ठाऊक नाही. ते नारळालाही ठाऊक नव्हतं, एवढं मात्र कळलं.

अजूनही देवापुढचा नारळ उचलला, की हळूच तळहातावर आडवा ठेवते. मनात धुरा आणते. तो उठतो. मीच उठवते, हे पक्कं माहीत असूनही हात कुठे हलला ते दिसत नाही, आणि काटा येतो तो येतोच.