ओट्याची उंची

माझी धाकटी मुलगी फोनवर बोलताना एका जागी बसत नाही. ऐकणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल, पण मला गेले काही महिने याचाच घोर लागला आहे. ती बोलत असते आणि मला तिचं घर ऐकू येतं. आवाज घुमला की बाथरूम, हॉर्न ऐकू आले की गॅलरी, मध्येच कपाटाचं दार करकरतं. "अगं, बस की जरा," म्हटलं तर "बसलेच आहे" म्हणते आणि त्याच क्षणी मागे नळ सुटतो. हीच मुलगी लहानपणी एका पुस्तकावर अख्खी दुपार काढायची. जेवायला बोलवून बोलवून माझा घसा कोरडा पडायचा. आता सोफ्यावर बसली तरी त्याच्या हातावर टेकते, जणू कुणीतरी येऊन 'उठा, ही जागा आमची' म्हणणार आहे.

गेल्या आठवड्यात तिच्याकडे राहून आले. वाटलं होतं, डोळ्यांनी बघितलं की जीव थाऱ्यावर येईल. उलटंच झालं. आता घरात सगळं सामसूम आहे, हे आत घोरत आहेत आणि मी स्वयंपाकघरातला दिवा लावून लिहीत बसले आहे. उद्या दुपारपर्यंत तिने घरमालकिणीला सांगून टाकायचं आहे: राहतं भाड्याचं घर पुढे चालू ठेवणार, की शहराबाहेरचा तळमजल्यावरचा फ्लॅट विकत घेणार.

जावयाला मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा दोघं त्या शहरात गेले. त्याचं काम रक्त तपासायचं, पहिली पाळी उजाडायच्या आत सुरू होते. तिला एका दुकानात काम मिळालं. ते लोक घरोघरी स्वयंपाकघरं बसवून देतात, ओटा, खण, वरची कपाटं, सगळं. ही जाऊन मापं घेते, नकाशा काढते आणि कारखान्यात पाठवते. कमरेला सदानकदा टेप लटकलेला, म्हणून दुकानातले सगळे तिला टेपताई म्हणतात. दिवसभर दुसऱ्यांच्या कोऱ्या घरांत फिरायचं, केसांत सिमेंटची धूळ घेऊन संध्याकाळी चार जिने चढायचे आणि भाड्याच्या घरात यायचं, असा तिचा दिवस.

याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. "भिंतीत ओल आली तर डोकं मालकीणबाईंचं दुखतं, माझं नाही," असं हसत सांगायची. घर तसं चांगलंच आहे. लिफ्ट नाही, पण सकाळी स्वयंपाकघरात ऊन येतं, जावई हॉस्पिटलला चालत जातो, तिची बस कोपऱ्यावर थांबते. मालकीणबाई खालच्याच मजल्यावर राहतात. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. भाड्याला उशीर झाला तर चालतो, जिन्यात चपला काढलेल्या चालत नाहीत.

आणि मग गेल्या वर्षापासून हिने घर घ्यायचं मनावर घेतलं. रविवार आला की घरं बघायची. एकही पसंत पडेना. एकात उजेड भरपूर, पण 'वरच्या मजल्यावर आहे'. एकाची गॅलरी पार झाडाच्या शेंड्यात गेलेली, ती म्हणाली, 'लिफ्ट सारखी बंद पडत असेल.' जावई मला फोनवर म्हणाला, "आई, स्थळं बघतोय असं वाटायला लागलंय. मुलगा शिकलेला आहे, पण कान मोठे आहेत." एजंट तिचा फोन उचलेनासा झाला. मला वाटलं, माझ्यासारखीच चंचल झाली असेल. मीही तिला अधूनमधून म्हणत होतेच, की बाई, एकदाचं घेऊन टाक आणि मोकळी हो.

मी गेले त्या दिवशी ते चार जिने चढताना प्रत्येक मजल्यावर थांबले. गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं, चालते ठीक, पण जिना म्हटलं की आधी कठडा शोधते. ती माझी बॅग घेऊन मागून येत होती. मी थांबले की तीही दोन पायऱ्या खाली थांबायची. दमली असेल, असं मी धरून चालले.

आत बघते तर अर्धी भांडी खोक्यांत. चहा करायला गेले तर गाळणी सापडेना.

"अगं, ठरलं का घर?"

"नाही."

"मग ही बांधाबांध कसली?"

"ठरेल तेव्हा धावपळ नको."

"आणि नाही ठरलं तर?"

"मग काढीन बाहेर." असं म्हणून तिने एक खोकं उघडलं, गाळणी शोधली आणि खोकं परत चिकटपट्टीने बंद केलं. संध्याकाळी मालकीणबाई वर आल्या. जिन्याने धाप लागलेली, तरी दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "हे बघ पोरी, मला तुम्हीच हवे आहात. पण दुसरं बिऱ्हाड थांबून राहिलंय. पुढच्या गुरुवारी दुपारपर्यंत काय ते सांग." ही म्हणाली, "हो बाई, सांगते," आणि दार लावून टेबल खिडकीपाशी सरकवलं. थोड्या वेळाने पुन्हा भिंतीशी सरकवलं.

एक दिवस ती मला कामावर घेऊन गेली. "घरी ठेवली तर माझी सगळी खोकी उघडशील," म्हणाली. नवं घर होतं. सासू आणि सून दोघी हजर. हिने टेप बाहेर काढला.

"स्वयंपाक कोण करतं?"

"मी," दोघी एकदमच म्हणाल्या.

हिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "मग दोघी या. चपला काढा, सरळ उभ्या राहा आणि हात कोपरात वाकवा. कांदा चिरताना वाकवता तसा."

जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप तिने घेतलं, आधी सासूचं, मग सुनेचं. बसमध्ये मी विचारलं तेव्हा समजावून सांगितलं. कोपराखाली हाताचा पंजा आडवा धरायचा, तिथे ओटा. वर झाला तर खांदे भरून येतात, खाली झाला तर पाठ जाते. "सगळं बदलता येतं आई, दारं, रंग, खण. ओटा एकदा बसला की बसला. म्हणून आधी विचारायचं, इथे उभं कोण राहणार आहे."

"मग कुणाच्या मापाने करणार?"

"सासूबाईंच्या."

"आणि ती बिचारी सून?"

"ती कुठे ओट्याकडे बघत होती? ती सगळा वेळ दाराकडे बघत होती. वर्षभरात वेगळं बिऱ्हाड करते की नाही बघ."

त्या दिवशी बसमध्ये आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. तेवढा वेळ ती एका जागी बसली होती.

रविवारी फ्लॅट बघायला गेलो. दोन बस बदलून जावं लागलं. तळमजला. रस्त्यापासून आतल्या खोलीपर्यंत एक पायरी नाही, दारं रुंद, न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा. भर दुपारी नव्या एजंटने दिवे लावले, कारण समोरच्या इमारतीची भिंत खिडकीला येऊन भिडली होती. मागच्या खोलीत हिने भिंतीवर अंगठा दाबला. रंगाचा भुगा हातात आला.

"गिऱ्हाइकांना मी सांगते, अशा भिंतीला कपाट लावू नका," ती म्हणाली. आणि त्याच दमात, "पण खोली मोठी आहे. दोन पलंग सहज बसतील."

जावई खिडकीतून ती भिंत बघत होता. "बस येते ना इथपर्यंत," एवढंच म्हणाला. पहिल्या पाळीला त्याला किती वाजता निघावं लागेल, याचा हिशेब त्याच्या कपाळावर दिसत होता. पण तो बायकोच्या शब्दाबाहेर नाही.

मग ती स्वयंपाकघरात गेली. ओटा जुना, फुटलेला, काढूनच टाकायचा.

"आई, जरा इकडे ये. चपला काढ."

मी उभी राहिले. हात कोपरात वाकवला. टेपची पत्र्याची कड दंडाला गार लागली. तिने पंजा आडवा धरला, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली आणि आकडा स्वतःच्या तळहातावर लिहिला. जावई येऊन त्या रेघेशी उभा राहिला. आता हे सांगायला हवं, की त्यांच्या घरात चूल त्याच्या ताब्यात आहे. माझ्या लेकीची मजल चहापर्यंत. आणि दोघंही ताडमाड उंच, मी त्यांच्या खांद्यालासुद्धा पोचत नाही.

"मग मी काय गुडघे टेकून भाजी परतायची?" तो म्हणाला.

"वाक जरा. व्यायाम होईल."

तो हसला, मीही हसले. मला वाटलं, गंमत चालली आहे. आई आली आहे, तिला जरा कामाचं प्रात्यक्षिक दाखवावं, असं काहीतरी.

परवा मी घरी परतले. आज संध्याकाळी ओट्याशी कांदा चिरत होते. हात तसाच वाकलेला. आणि विळी लागावी तसं एकदम लक्षात आलं. जी मुलगी अनोळखी माणसाला विचारल्याशिवाय ओट्याला हात लावत नाही, तिने स्वतःच्या घरासाठी नवऱ्याचं माप घेतलं नाही, स्वतःचंही घेतलं नाही. इथे उभं कोण राहणार, हे तिच्या मनात ठरलेलं आहे.

मी चिरणं टाकून बाहेर गेले. हे बातम्या बघत होते.

"अहो, धाकटीने त्या फ्लॅटच्या ओट्याला माझं माप घेतलंय."

"बरं मग?"

"तिथे काय मी स्वयंपाक करणार आहे?"

यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. आमच्याकडे ही मोठी गोष्ट आहे. "तुझ्या ऑपरेशनच्या वेळी आली होती ना, तेव्हा मला विचारत होती. म्हणे, तळमजल्यावर जागा असली तर तुम्ही दोघं याल का राहायला."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"मी म्हटलं, आईला विचार."

"मला तिने विचारलं नाही."

"तू तरी तिला विचारलंस का, घर कशाला शोधतेस म्हणून?" असं म्हणाले आणि पुन्हा आवाज वाढवला.

तेव्हापासून मी घरभर फिरते आहे. तिने नाकारलेली ती सगळी घरं एकेक करून आठवत आहेत. उजेडाची, झाडाच्या शेंड्याची. त्यांत खोट एकच होती, मला तिथे चढता आलं नसतं. आता ज्या घराबद्दल ती गिऱ्हाइकाला हात जोडून 'घेऊ नका' म्हणाली असती, त्याचेच हप्ते अर्धा जन्म फेडत बसणार. नवरा अंधारात दोन बस बदलत जाणार. हे सगळं माझ्या गुडघ्यांसाठी, आणि मला न विचारता. विचारलं तर मी नाही म्हणेन, ही तिला भीती. आणि घेऊन टाकलं की मी नाही म्हणू शकणार नाही, हा तिचा हिशेब. ओटा एकदा बसला की बसला.

पण खोटं कशाला लिहू? टेप दंडाला लागला तेव्हा मला बरं वाटलं होतं. ती मागची खोली मी बघितली तेव्हा ओल दिसली, आणि पलंग कुठल्या खिडकीशी येईल तेही दिसलं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दूध आणायला खाली उतरायचं म्हणजे मी आदल्या रात्रीपासून मनाची तयारी करते. मी नुसती गप्प राहिले तर उद्या दुपारनंतर बिनपायऱ्यांचं एक घर माझं होईल. कुणी मला दोष देणार नाही. उलट लेक किती करते म्हणून शेजारणी कौतुक करतील.

आणि मी बोलले, 'आम्ही येणार नाही, तू तुमच्या दोघांपुरता विचार कर' असं म्हटलं, तर ती भाड्याचं घर चालू ठेवेल. उद्या खरंच पाय थकले तर मग ती खोलीही नसेल. ह्यांची मित्रमंडळी इथे आहे, समोर डॉक्टर आहे, माझी वाचनालयातली कामं आहेत. आम्हाला आज इथून हलायचं नाही, हे खरंच आहे. पण 'आज' म्हटलं की ती तो शब्द पकडणार. "आज नाही, मग कधी?" असं विचारणार. तिला 'बघू' चालणार नाही. बघू म्हटलं की ती पुन्हा रविवारी घरं बघत फिरेल. मला शब्द द्यावा लागेल, की जिना खरोखर झेपेनासा होईल त्या दिवशी मी स्वतः तोंड उघडून सांगेन, लपवणार नाही, आणि मग आपण तिघं-चौघं मिळून जागा शोधू. तोवर तिने माझ्या पायांवर नजर ठेवून घर शोधायचं नाही. असं सांगणं मला जड जातं. मी आयुष्यात कुणाला 'मला होत नाही' असं आपण होऊन म्हटलेलं नाही. ऑपरेशनसुद्धा हे मागे लागले म्हणून झालं.

मघाशी ह्यांना उठवून विचारलं, तर म्हणाले, "सकाळी कर फोन, आता काय आभाळ कोसळतंय का." पण सकाळी जावई कामावर गेलेला असेल आणि ती आठ वाजता फ्लॅट पक्का करायला एजंटकडे जाणार आहे. एकदा घराबाहेर पडली की ती कुणाचं ऐकत नाही, आणि मीही रात्रभरात स्वतःची समजूत घालून मोकळी होईन. मला माझी खात्री नाही.

आत्ता मोबाइल उघडला. तिच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसतंय. ती झोपलेली नाही. ती पहिल्यांदा घाबरून विचारेल, बाबा बरे आहेत ना. बरे आहेत, घोरत आहेत, असं सांगते. मग दुसरं काही बोलायच्या आत गुडघ्यांचं सांगून टाकते. लावतेच फोन.